सात वर्षांची बादली

अख्ख्या सोलापुरात आमच्या घरमालकांच्या मुलाइतका कामात बुडालेला आणि त्याच्याइतका रिकामटेकडा दिसणारा दुसरा माणूस नाही, हे मी कुठल्याही चौकात उभी राहून सांगायला तयार आहे. चौकात उभं राहून बोलणं हेच माझं काम. विड्या वळणाऱ्या आणि कारखान्यात शिवणावर बसणाऱ्या बायकांच्या संघटनेसाठी मी हँडबिलं लिहिते, छापून आणते आणि वाटते. मूळची केम गावची, चार वर्षांपासून भवानी पेठेत या लोकांच्या तळमजल्यावरच्या खोलीत भाड्याने राहते. माझ्या पंख्याच्या बरोबर वर, छताच्या पलीकडे बसून हा माणूस एक व्हिडिओ गेम बनवतो आहे. मी राहायला आले तेव्हा तीन वर्षं झाली होती, आता सात झाली. गेम एकच. जगातली पोरंटोरं ज्याच्या नुसत्या जाहिरातीच्या दोन मिनिटांवर दोन-दोन तास भांडतात, तसला मोठा, परदेशी, प्रचंड खर्चाचा गेम. पेठ त्याला अण्णा म्हणते. वय छत्तीस, पाठीला थोडा बाक, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच कुणीतरी झोपेतून उठवून आजची तारीख विचारली आहे.

कामाला लागताना अण्णाने एका कागदावर सही केली होती. काय करतो, कुणासाठी करतो, कुठवर आलंय, यातलं एक अक्षर कुणाला सांगणार नाही, असा तो कागद. असल्या कागदांवर लोक सह्या करतात आणि विसरतात. अण्णाने तो पाठ केला. खोलीच्या खिडकीला त्याने जाड सोलापुरी चादर ठोकून टाकली. गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस खाली अंगणात आला तरी हा आधी धावत जाऊन स्क्रीनवर टॉवेल टाकायचा. एकदा होटगीहून मुलीकडचे लोक बघायला आले. अम्माने, म्हणजे त्याच्या आईने, पोहे पुढे केले. मुलीच्या मामाने विचारलं, "काय करता आपण?" अण्णा म्हणाला, "ते सांगता येत नाही." "बरं, कुणाकडं करता?" "तेही सांगता येत नाही." "बरं मग, काम संपणार कधी?" अण्णाने मान खाली घालून बराच वेळ विचार केला आणि अगदी मनापासून उत्तर दिलं, "ते तर कुणालाच सांगता येत नाही." मामा रेल्वेत होते. चप्पल घालता घालता म्हणाले, "आमच्यात गाडी लेट झाली तर निदान किती लेट ते तरी सांगतात की ओ."

पेठेत त्याच्याबद्दल तीन मतं होती. एक, तो क्रिकेटवर सट्टा घेतो. दोन, परदेशातल्या म्हाताऱ्यांना फोन करून फसवतो. तीन, आणि हे सगळ्यांत वाईट, तो काहीच करत नाही. त्याच्या वडिलांचं मत तिसरं होतं. त्यांना घरात तेलुगूत नान्ना म्हणतात, म्हणून मीही नान्नाच म्हणते.

मला हे सगळं माहीत कसं, असं कुणी विचारेल. तर पाणी येण्याच्या एका दिवशी, हौद भरेपर्यंत आम्ही दोघं पायरीवर बसलेलो असताना अण्णाने मला सांगितलं. गेमचं नाव नाही, कंपनीचं नाही, फक्त काम. "तू संघटनेतली, तुला करार-बिरार कळतात, म्हणून तुला सांगतो," म्हणाला, आणि हळूच सांगितलं की तो बादली करतो. गेममध्ये एक गाव आहे, गावात आड आहे, आडाच्या कठड्यावर एक लोखंडी बादली आहे. नायक घोड्यावरून त्या आडाला वळसा घालून पुढे जातो. तो बादलीकडे बघत नाही. बघायचं कारणच नाही. पण एखाद्या खेळणाऱ्याने घोडा थांबवला आणि बघितलंच, तर ती बादली खरी वाटली पाहिजे, आणि ती जबाबदारी भवानी पेठेवर. तशी त्याने पोती केली, माठ केले, एक मोडकी बैलगाडीही केली. पण नाव काढावं तर बादलीचंच. तिकडून सारखा निरोप यायचा, "गंज पटत नाही." मग अण्णाने खरीखुरी बादली विकत आणून अंगणात मांडली आणि तिच्यावर रोज मिठाचं पाणी शिंपडायला लागला. अम्मा कपाळाला हात लावायची. "प्यायला पाणी न्हाई आणि हा बादलीला आंघोळ घालतोय!" दोन महिन्यांनी गंज असा काही सुंदर चढला की अण्णा फोटो काढायला मोबाईल आणायला वर गेला. खाली येईपर्यंत अम्माने ती भंगारवाल्याला देऊन टाकली होती. सायकल काढून तो भंगारवाल्याच्या मागे धावला. बादली मिळाली, पण चेपून सपाट झालेली. त्याने सपाट बादलीचे फोटो पाठवले. उत्तर आलं, "गंज उत्तम. आता हिला उभी करा."

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आवरेना. मग राग आला. "अहो अण्णा, सात वर्षं? एवढी वर्षं तुम्ही लोक करता तरी काय?" यावर तो ज्या शांतपणे बोलला, त्या शांतपणे मला आजवर कुठल्याही साहेबाने लबाडीसुद्धा सांगितलेली नाही. "हे बघ, पहिली दोन वर्षं कुणी काही करतच नाही. काय करायचं ते ठरवतात. ठरलं की ज्यांनी ठरवलं ते सोडून जातात. नवे येतात, ते परत ठरवतात. मग ज्या सॉफ्टवेअरवर सगळं उभं असतं ते बदलतं, की केलेलं सगळं परत करायचं. मग गोष्टच बदलते. माझं गाव आधी वाळवंटात होतं. तिसऱ्या वर्षी बर्फात गेलं."

"मग बादली?"

"बर्फात गंज वेगळा चढतो की."

कुठेतरी एक बाई आहे म्हणे, ती चार वर्षं फक्त दारं करते आहे. दार उघडणं हे सगळ्यांत अवघड. नायक मध्येच उभा असला तर दार त्याच्या पोटातून आरपार जातं. कुणी नुसतं गवत करतं, कुणी घोड्याच्या नाकातली वाफ. शेकडो माणसं, प्रत्येकजण एकेका तुकड्यावर. सगळे तुकडे एकत्र केले की काहीच चालत नाही, घोडा जमिनीत बुडतो, आणि मग बुडलेला घोडा वर काढण्यात वर्ष जातं. "मग तारीख कशाला जाहीर करता?" मी विचारलं. अण्णा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायला लागला. "तारीख बाहेरच्यांसाठी असते. आत कुणी तारीख विचारत नाही. बरं दिसत नाही ते." शेवटच्या टप्प्यात रविवार राहत नाही, सण राहत नाही, जेवणाची वेळ राहत नाही, हेही त्याने सांगितलं. मी विचारलं, शेवटचा टप्पा कधी सुरू होणार? तो म्हणाला, तीन वर्षं झाली सुरू होऊन. आणि इकडे मोबाईलवर खेळणारे लिहीत होते, हे लोक आळशी आहेत, आम्ही असतो तर सहा महिन्यांत उडवला असता. आळशी म्हणे! एकाने तरी येऊन दोन महिने बादलीवर पाणी शिंपडून दाखवावं.

आता नान्नांचं सांगते, कारण खरा प्रश्न नान्नांचा होता. चाळीस वर्षं ते चादरींच्या नक्ष्या काढत आले. बारीक चौकोनांचा कागद, एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा, तो रंगवत जायचं. त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पडायची आणि पुठ्ठा मागावर चढायचा. सोलापूरच्या किती घरांत लोक नान्नांच्या मोरांखाली झोपलेत याची गणती नाही. त्या माणसाला मुलाचं हे प्रकरण काही केल्या गळी उतरेना. "मोर असू दे, महाल असू दे, दीड महिन्यात कागदावरनं मागावर जायचा माझा," ते मला सांगायचे. "ह्याचं सात वर्षं चाललंय. काय सूर्य-चंद्र करायलाय का काय वर?" लग्नाकार्यात कुणी मुलाचं विचारलं की ते उठून पाणी प्यायला जायचे. शेवटी गेल्या श्रावणात त्यांनी अण्णाला खाली बोलावलं आणि निकाल दिला. गेमची जाहीर तारीख दसऱ्याच्या आधी आठ दिवस होती. "दसऱ्यापर्यंत वाट बघतो. आला बाहेर, तर मला दाखव, मी पाया पडतो तुझ्या. न्हाई आला, तर दुसऱ्या दिवशी तुझ्या चुलतभावाच्या कारखान्यात टॉवेलवर सुपरवायझर. टॉवेल निदान हातात धरता येतो." अण्णा "बरं" म्हणाला. वडिलांना त्याने उभ्या आयुष्यात दुसरं काही म्हटलेलं नाही.

त्यानंतर तो वरून उतरेनासाच झाला. एक दिवस पायरीवर दिसला तो मनगटाला पट्टी बांधलेला, डोळे तांबडे. मला म्हणाला, "आज वार कुठला गं?" मी म्हटलं, सोमवार. "म्हणजे काल रविवार होता होय," म्हणाला आणि परत वर गेला. माझं डोकं फिरलं. मी ज्यांच्यासाठी हँडबिलं काढते त्या बायकांना निदान रविवार कधी बुडाला ते माहीत तरी असतं. त्याच दुपारी मी खोलीत बसून मजकूर लिहिला. मथळा दिला, "बादली त्यांची, घाम आमचा!!!" खाली लिहिलं की आपल्याच पेठेतला एक कलावंत सात वर्षं बंद खोलीत परदेशी गेमसाठी बादली घडवतो आहे, त्याला सुट्टी नाही, त्याचं नाव नाही, बंधूंनो आणि भगिनींनो, हे आपण किती दिवस बघत राहायचं. अण्णाचं नाव मी लिहिलं नाही. पत्ताही लिहिला नाही. यात आपण फार काळजी घेतली असं मला त्या वेळी मनापासून वाटत होतं. भवानी पेठेला पत्त्याची गरज लागत नाही, हे चार वर्षं तिथे राहून मला कळायला हवं होतं.

संध्याकाळपर्यंत हँडबिल छापून पेठेत वाटून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचे टेम्पोवाले चाचा अण्णाला हाक मारून म्हणाले, "क्या अण्णा, बालटी हुई क्या नै अब्बीतक?" अण्णा पांढराफटक पडला. चाचांनी हँडबिल पुढे केलं. त्याने ते वाचलं, घडी घातली आणि सरळ माझ्या दारात आला. "तूच लिहिलंस. तीन-तीन उद्गारचिन्हं दुसरं कुणी देत नाही." ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त चप्पल घालून बाहेर पडला आणि दिवसभर पेठेत दारोदार फिरून हँडबिलं परत मागत राहिला. सात वर्षांत पेठेने त्याला एवढं बघितलं नव्हतं. निम्मा गठ्ठा भजीवाल्याकडे पोचला होता, आणि भजीवाला भज्यांशिवाय कागद द्यायला तयार नव्हता. संध्याकाळी अण्णा घरी आला तो पोट बिघडवून आणि बत्तीस तेलकट कागद हातात घेऊन.

मी त्याला समजावलं. चुकलं माझं, पण तिकडे मराठी कोण वाचतंय? तो म्हणाला, "वाचत नसतील. पण सही मी केलीय ना." आणि त्याने जे केलं ते जगाच्या पाठीवर फक्त तोच करू शकतो. माझ्या हँडबिलाचं उद्गारचिन्हांसकट इंग्रजी करून, आपल्याकडून गुपित फुटल्याच्या कबुलीसकट, त्याने ते थेट समुद्रापलीकडच्या मुख्य कंपनीला पाठवून दिलं. मग कंपनीने दिलेलं कॉम्प्युटरचं यंत्र फडक्याने पुसून, वायरी गुंडाळून, परत न्यायला येतील म्हणून खोक्यात भरून ठेवलं, आणि वाट बघत बसला. तीन आठवडे. अम्मा ताट वर ठेवायची आणि तसंच खाली आणायची. आणायला जाताना माझ्या दारावरून मान फिरवून जायची. त्या तीन आठवड्यांत मी एकही हँडबिल लिहिलं नाही.

उत्तर आलं. अण्णाने मला वाचून दाखवलं. आमच्या गेमवरच्या तुमच्या प्रेमाबद्दल आभार. या नावाची कुणीही व्यक्ती आमच्याकडे काम करत नाही. चाहत्यांच्या कल्पनाशक्तीचं आम्हाला कौतुकच वाटतं. सोबत घोड्यावर बसलेल्या नायकाचं एक चित्र जोडलं आहे. गोष्ट साधी होती. अण्णाला काम पुण्याची एक कंपनी देते, तिला बंगळूरची देते, तिला आणखी कुणीतरी देतं. बादली एका हातातून दुसऱ्या हातात जात जात तिकडे पोचेपर्यंत तिच्यावरचा माणसाच्या बोटाचा ठसा पुसलेला असतो. मी तर पेटलेच. "अहो, सात वर्षं! आणि तुम्ही त्यांचे चाहते?" अण्णाच्या चेहऱ्यावर मात्र केवढं तरी समाधान. "म्हणजे गुपित फुटलं नाही," तो म्हणाला, आणि खोक्यातून यंत्र बाहेर काढायला लागला. अम्माला हाक मारून त्याने दोन भाकरी मागितल्या.

मी तावातावाने जिना उतरायला निघाले तर समोरून नान्ना वर येत होते. त्यांचे गुडघे गेलेत, ते वर्षानुवर्षं वर चढले नव्हते. हातात माझं हँडबिल होतं. एवढा गोळा करत फिरला पोरगा, पण घरातलं राहिलंच होतं.

"बादली करतोस व्हय?" दारात उभं राहून त्यांनी विचारलं. अण्णाने नुकत्याच लावलेल्या स्क्रीनवर टॉवेल टाकला.

"दाखव."

"नाही दाखवता येत, नान्ना."

"बाप हाय मी तुझा."

"सही केलीय."

मला वाटलं, संपलं, आता दसऱ्याचीही वाट बघणार नाहीत, आजच टॉवेल. नान्ना वरच्या पायरीवर हळूच बसले. "कुणालाच दाखवलं न्हाईस? अम्माला?"

"नाही."

"ह्या पोरीला?"

"नाही. हिला नुसतं सांगितलं, तर बघितलंत ना काय केलं तिनं."

नान्ना हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाले, "माझा सासरा एकदा आला हुता. मी मोराचा कागद करत बसलेलो. म्हणला, बघू तर जावयाचं काम. मी अंगावरचा पंचा काढून टाकला की कागदावर! अम्मा दोन महिने बोलत नव्हती." त्या काळी सोमवारी दुसऱ्याच्या नजरेला पडलेली नक्षी गुरुवारी त्याच्या मागावर असायची. म्हणून मागावर चढेपर्यंत नक्षी सख्ख्या भावालाही दाखवायची नाही, ही या कारागिरांची रीत. पाहुणा आला की कागदावर फडकं पडायचं, आणि त्या फडक्यावरूनच कळायचं की या घरात खरं काम चाललंय. "उघडा ठेवून बसायचे तेही हुते," नान्ना म्हणाले, "त्यांचं कोण चोरणार हुतं?" मग बराच वेळ त्या टॉवेलकडे बघत राहिले. चाळीस वर्षांच्या धंद्यातली नजर होती ती.

"कडीपाशी घासल्यालं दाखवलंस का? हात लागतो तितं गंज ऱ्हात न्हाई."

"दाखवलंय."

"हं," नान्ना म्हणाले, आणि कठडा धरून उतरायला लागले.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस गेम आला नाही. निवेदन आलं. तुम्हाला हवा तसाच द्यायचा म्हणून आम्हाला आणखी थोडा वेळ हवा आहे, पुढच्या वर्षी भेटू. ज्याने लिहिलं त्याला तारखा ढकलण्याची आणि गोड शब्द मांडण्याची, दोन्हींची सवय असावी. दसऱ्याला टॉवेलवाला चुलतभाऊ आपट्याची पानं घेऊन आला. "काय काका, उद्या पाठवताय ना त्याला?" मी दारातच होते, अण्णा जिन्यात थिजून उभा होता. नान्नांनी पानं घेतली, डोक्याला लावली आणि म्हणाले, "त्याला सवड न्हाई. मोठं काम हाय. मधीच उठवलं तर बिघडतं." चुलतभाऊ हसला. नान्ना हसले नाहीत.

ती पुढच्या वर्षीची तारीखही आता आणखी एकदा पुढे गेली आहे. नान्नांनी जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकून घेतली आहे. गुडघे दुखतात तरी सकाळी एकदा चढतात आणि जेवायलाच उतरतात. गॅसवाला, चाचा, अम्माच्या मैत्रिणी, सगळ्यांना तिथूनच परतवतात. परवा मी नवीन मजकूर घेऊन वर निघाले होते. गेमच्या शेवटी जी नावं येतात त्यांत बादली करणाऱ्याचंही नाव आलं पाहिजे, अशी मागणी. यावेळी अण्णाला आधी विचारून छापणार होते, एवढं शिकले आहे. नान्नांनी हात आडवा केला. मजकूर मागून घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला आणि माझ्या हातात दिला.

"पोरी, तू बाहेर फिरतीस, चार लोकांत बोलतीस," ते हळू आवाजात म्हणाले. "खरं सांग. येतंय का ते पुढल्या साली?"

चौकात उभी राहून मी कुणाच्याही तोंडावर खरं बोलते. तारखा कशा ठरतात ते मला माहीत होतं. नान्ना अठ्ठ्याहत्तरचे आहेत, तेही माहीत होतं. वरून अण्णाच्या बोटांची टकटक ऐकू येत होती.

"येतंय की, नान्ना," मी म्हटलं.

"मग चष्म्याचा नंबर काढून घ्यायला पायजे," नान्ना म्हणाले. "बारीक काम असतंय ते."